पत्री सरकार आणि आमचा वाटा

सातारा जिल्ह्याच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा विषय निघाला की क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव प्रथम ओठांवर येते. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबारात माणसे पडली. पुढे १९४३ पासून गावोगाव प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळे, तुफान सेना, अल्प खर्चाचे विवाह, दारूबंदी, अस्पृश्यतानिवारण ही त्याची कार्ये होत. ज्या काळी आपल्या मातंग बांधवांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरी द्यावी लागे, त्या काळी कोणीतरी समतेचे नाव घेतले, हे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

माझे आजोबा दोरखंडे वळीत. रात्री भूमिगतांच्या भाकरी रानात पोहोचविण्याचे कामही ते करीत. त्या दिवसांत त्यांची जात कोणी विचारली नाही, असे ते सांगत. स्वातंत्र्यानंतर मात्र त्यांच्या घागरीला गावविहिरीवर पुन्हा मज्जाव झाला. ही गोष्ट सांगताना ते रागावत नसत. हातातला पीळ तेवढा अधिक घट्ट करीत.

असे का घडले? प्रतिसरकाराने सावकारांनी लाटलेल्या जमिनी अनेकांना परत मिळवून दिल्या. परंतु ज्याची जमीन कधी नव्हतीच, त्याला काय परत मिळणार? चळवळीचे नेतृत्व बहुतांशी शेतकरी कुटुंबांचे होते व त्यांना शेतकऱ्यांचे दुःख प्रथम दिसले. पुढील कायद्यांतही हेच झाले. १९४८ चा कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ रोजी कुळे जमिनीची मालक मानली गेली. पण सालगडी व रोजंदार हे कायद्याच्या दृष्टीने कुळच नव्हते. नंतर कृष्णा-वारणाकाठी सहकारी साखर कारखाने निघाले. त्यांत सभासद झाला तो प्रामुख्याने ऊस पिकविणारा, आणि मोळी वाहणारा मजूरच राहिला. ज्याच्या पदरी काही होते त्याचे वाढले. रिकामा पदर रिकामाच राहिला.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेला बजावले होते की, राजकीय समता मिळाली तरी सामाजिक व आर्थिक विषमता उरली, तर लोकशाहीच धोक्यात येईल. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली आपली ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली, ती उगीच नव्हे.

आशेचे एक उदाहरण याच मातीत आहे. १९८० नंतरच्या दशकात खानापूर तालुक्यातील लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले व पाण्याचा वाटा भूमिहीन कुटुंबांनाही असावा, हे तत्त्व मान्य केले. जमीन नसली तरी माणूस गावाच्या संपत्तीचा वाटेकरी आहे, हे येथे स्पष्टपणे मांडले गेले.

आपल्या तरुणांना माझी विनंती एवढीच आहे. क्रांतिवीरांच्या प्रतिमेला हार अवश्य घालावा. परंतु दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत जाऊन गायरान, पाणी व घरकुल यांतील आपला वाटा कोठे आहे, हे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. आजोबांनी वाहिलेल्या भाकरींचे ऋण अद्याप फिटलेले नाही.