वर्धा परिसरातील गृहबांधणी : परवानगी व रचनाकार – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण सर्वपरिचित आहे. आज घर बांधू इच्छिणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : परवानगी कोण देणार आणि आराखडा कोण करणार? वर्धा शहरालगतच्या बोरगाव (मेघे) परिसराच्या संदर्भात या प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मालगुजारीचा काळ :
वर्धा जिल्हा १८६२ मध्ये अस्तित्वात आला. १८६६ मध्ये जिल्ह्याचे ठाणे कवठ्याहून हलवून पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. शहराची आखणी प्रशासनाने केली. भोवतालच्या खेड्यांत मात्र गावठाणाचा कारभार मालगुजाराच्या हाती होता. तेथे घराचा रचनाकार म्हणजे गावचा सुतार, गवंडी आणि स्वतः घरधनी. काळ्या मातीचे फुगणे-आकसणे व वैशाखाचे ऊन यांचे ज्ञान त्यांना परंपरेने लाभलेले होते.

सेवाग्रामचा प्रयोग :
या परंपरेचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण बोरगावपासून जवळच आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगाव येथे राहावयास आले. जमनालाल बजाज यांनी जागा उपलब्ध करून दिली. स्थानिक साहित्य, स्थानिक कारागीर आणि अल्प खर्च या अटींवर आदि निवास उभा राहिला. पुढे 'बापू कुटी' म्हणून ख्यात झालेली झोपडी मूळची मीराबेन यांची. मातीच्या भिंती, बांबू आणि कौले यांनी ती बांधलेली असून भिंतींवर मीराबेन यांनी चरखा व ताडवृक्ष यांची उठावचित्रे काढली. शेगावचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने अल्पखर्ची घरबांधणीचा हाच विचार पुढे नेला.

कायद्याचे युग :
१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ अन्वये बांधकाम परवानगीचा विषय पंचायतीकडे आला. १९६६ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता व प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम आले; अकृषिक वापर व मंजूर रेखांकन हे शब्द सामान्य माणसाच्या कानी पडू लागले. शहरालगत शेतजमिनीचे तुकडे पाडून भूखंड विकले जाऊ लागले, तेव्हा अनेकांची आयुष्यभराची पुंजी अनधिकृत ठरण्याची भीती निर्माण झाली. २००१ चा गुंठेवारी अधिनियम हा त्यावरील उपाय. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू झाली.

रचनाकाराबाबत १९७२ चा वास्तुविशारद अधिनियम महत्त्वाचा आहे. हा अधिनियम 'वास्तुविशारद' या उपाधीला संरक्षण देतो, आराखड्याचे काम करण्यास इतरांना मनाई करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून नोंदणी व अनुभव तपासण्याची जबाबदारी घरमालकावरच येते.

समारोप :
मालगुजाराच्या मर्जीऐवजी कायद्याचा आधार मिळाला, ही निश्चितच प्रगती होय. परंतु नकाशा केवळ मंजुरीसाठी काढला जाऊ लागला आणि माती, वारा व ऊन जाणणारा कारागीर निर्णयप्रक्रियेतून बाहेर पडला. भूखंड घेण्यापूर्वी रेखांकनाची मंजुरी पाहणे आणि रचनाकार निवडताना त्याला येथील काळी माती कळते काय हे विचारणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच आवश्यक आहेत. बापू कुटी आजही उभी आहे. तिच्याकडे केवळ स्मारक म्हणून नव्हे, तर घराचा एक आराखडा म्हणूनही पाहावे, असे वाटते.