जावा

जावा : इंडोनेशियातील बेट. सुमात्रा आणि बाली यांच्यामध्ये ते पूर्व-पश्चिम सुमारे १,००० किमी. पसरले आहे. लगतच्या मदुरा बेटासह त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,२९,००० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार १५ कोटींवर. रामायणातील ‘यवद्वीप’ ते हेच, असे सामान्यतः मानतात.

बेटाच्या दक्षिणेला समुद्रतळाचा भूपट्ट आशियाच्या भूपट्टाखाली सरकत आहे. या हालचालीतूनच बेटाच्या कण्यासारखी ज्वालामुखींची रांग उभी राहिली. सेमेरू (३,६७६ मी.) हे सर्वोच्च शिखर, पण सर्वांत धास्तीचा डोंगर जोग्यकर्ता शहराजवळचा मेरापी. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. जोग्यकर्ताच्या सुलतानाने नेमलेले डोंगराचे वृद्ध राखणदार म्बाह मारिजान हेही त्यांत होते. त्यांनी गाव सोडायला नकार दिला होता. उद्रेकानंतरच्या पावसात राखेचा चिखल नद्यांतून लोटतो आणि घरे, शेते गाडून टाकतो. पुढे तीच वाळू ट्रकांत भरून बांधकामावर जाते.

इतक्या धोक्याच्या जागी एवढी वस्ती का, याचे उत्तर बरेचसे राखेतच आहे. उष्ण, पावसाळी हवेत ती लवकर झिजते आणि पोटॅश, चुना, मॅग्नेशियम मातीत उतरते. शेजारचे बोर्निओ जावाच्या पाचपटीहून मोठे. पण तेथे ज्वालामुखींची अशी रांग नाही, जमीन पावसाने धुपून निकस झालेली आणि वस्ती विरळ. जावात डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत, आणि पाटाचे पाणी मिळते तेथे वर्षाला दोन, क्वचित तीन पिके निघतात. एका खाचरात लावणी आणि बांधापलीकडे कापणी, हे दृश्य तेथे नवलाचे नाही. डच सत्तेने १८३० पासून याच जमिनीत ऊस, कॉफी आणि नीळ सक्तीने पिकवून घेतली.

नवव्या शतकापर्यंत बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननचे शिवमंदिर उभे राहिले. मजापहित राज्याच्या ऱ्हासानंतर इस्लाम जवळजवळ सर्वत्र रुजला. तरी जुने पुसले गेले नाही. आजचे जावानीज बहुसंख्येने मुसलमान, पण महाभारताचे बाहुल्यांचे खेळ तेथे रात्रभर चालतात. म्हशीच्या कातड्याच्या नक्षीदार बाहुल्या, मागे दिवा, पुढे पांढरा पडदा, साथीला गामेलान हा वाद्यवृंद, आणि सर्व पात्रांचे आवाज काढणारा एकटा ‘दालांग’. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ याच जातीचा. मूळ महाभारतात नसलेला ढेरपोट्या सेवक सेमार हा जावातल्या खेळांचा खरा लाडका. देव असूनही तो चाकरी करतो आणि राजालाही सुनावतो.

पश्चिमेस सुंदानीज, मदुरात व पूर्व टोकाकडे मदुरी आणि मध्य व पूर्व भागांत जावानीज भाषा चालते. जावानीजमध्ये समोरच्याचा मान पाहून शब्दच बदलतात : बरोबरीच्याशी बोलताना भात ‘सेगो’, आदराने बोलताना ‘सेकुल’. मराठीतल्या ‘तू, तुम्ही, आपण’ या पायऱ्या त्यापुढे तोकड्याच.

गर्दी कमी करण्यासाठी डचांनी १९०५ मध्ये जावातील कुटुंबे सुमात्रात वसवायला सुरुवात केली आणि स्वतंत्र इंडोनेशियाने ते धोरण मोठ्या प्रमाणावर चालवले. तरीही देशातील निम्म्याहून अधिक लोक आज जावातच राहतात.