फाय बीटा कप्पाची मूळ शाखा

महाविद्यालयांतील निवडक विद्यार्थ्यांना मानानें आपल्यांत घेणारें फाय बीटा कप्पा हें मंडळ अमेरिकेंत फार प्रतिष्ठेचें समजलें जातें. परंतु ज्या शाखेपासून त्याचा सारा विस्तार झाला, ती व्हर्जिनियांतील मूळ शाखा अवघ्या चार वर्षांत बंद पडली होती, व तिला पुनः उभें राहण्यास सत्तर वर्षें लागलीं.

१७७६ च्या डिसेंबरची ५ तारीख. वसाहतींनीं स्वातंत्र्य पुकारल्याला सहा महिनेहि झाले नव्हते. व्हर्जिनियाची राजधानी तेव्हां विल्यम्सबर्ग येथें होती. तेथील विल्यम अँड मेरी कॉलेजाच्या पांच विद्यार्थ्यांनीं त्या दिवशीं एक गुप्त मंडळ स्थापिलें. रॅले टॅव्हर्न नांवाच्या खाणावळीच्या अपोलो दालनांत ही बैठक झाली, असें परंपरा सांगते. जॉन हीथ हा पहिला अध्यक्ष. ज्ञानाची आवड हें आयुष्याचें सुकाणूं, अशा अर्थाच्या ग्रीक वचनाचीं आद्याक्षरें म्हणजेच मंडळाचें नांव.

सभासदत्व त्या काळीं परीक्षेंतील गुणांवर अवलंबून नव्हतें. वादविवाद व निबंधवाचन हेंच मुख्य काम, आणि बोलणें बाहेर जाऊं नये म्हणून गुप्ततेची शपथ. शांततेच्या काळीं खडें सैन्य बाळगणें स्वातंत्र्यास घातक आहे काय, नॉर्मंडीच्या विल्यमला इंग्लंडवर चालून जाण्याचा अधिकार होता काय, असे विषय इतिवृत्तांत नोंदले आहेत. आफ्रिकन लोकांची गुलामगिरी न्याय्य आहे काय, हाहि एक विषय होता. व्हर्जिनियांतील ज्या जमीनदार वर्गांतून हे तरुण आले, त्याची शेती गुलामांच्याच श्रमांवर चाले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे बंद दाराआड कां होईना, हा प्रश्न निघाला याचें महत्त्व कळतें. या पहिल्या काळांत एकंदर पन्नास सभासद झाले. पुढें अमेरिकेचा सरन्यायाधीश म्हणून गाजलेला जॉन मार्शल त्यांपैकींच एक.

१७७९ त एलिशा पार्मेली नांवाचा हार्वर्डचा पदवीधर सभासद झाला. उत्तरेकडे परत जातांना आपल्याबरोबर हार्वर्ड व येल येथें शाखा काढण्याच्या सनदा द्याव्या, अशी त्याची मागणी. गुप्त मंडळानें आपलें गुपित शेंकडों मैल दूर पाठवावें हें चमत्कारिकच. परंतु विल्यम्सबर्गच्या मुलांनीं त्या दिल्या. त्यांच्या साऱ्या ठरावांत हाच शहाणपणाचा ठरला. १७८० त येलची शाखा निघाली, १७८१ त हार्वर्डची.

तोंवर इकडे युद्ध येऊन ठेपलें होतें. अमेरिकनांना सोडून इंग्रजांना मिळालेला सेनापति बेनेडिक्ट आर्नोल्ड यानें १७८१ च्या जानेवारीच्या ५ तारखेला रिचमंडवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशीं अध्यक्ष विल्यम शॉर्ट व उरलेले मोजके सभासद जमले. त्यांनीं मंडळ मोडीत काढलें नाहीं. बैठकी तेवढ्या थांबविल्या, कागदपत्रें मोहोरबंद केलीं आणि कॉलेजाच्या कारभाऱ्याच्या हवालीं केलीं. विशीच्या आसपासच्या मुलांना, शत्रु दाराशीं असतां, इतिवृत्ताचें पुस्तक आठवावें हें खरोखर कौतुकास्पद आहे; प्रौढ माणसांच्या संस्थांत शांततेच्या काळींहि दप्तरें गहाळ होतात. त्याच वर्षीं कॉलेजाच्या अध्यक्षाच्या घरांत लॉर्ड कॉर्नवॉलिसनें आपला तळ दिला. पुढें हिंदुस्थानांत गव्हर्नर-जनरल होऊन टिपूविरुद्ध मराठ्यांशीं हातमिळवणी करणारा कॉर्नवॉलिस तो हाच.

मूळ झाड असें वठलें, पण फांद्या वाढल्या. १८३१ त हार्वर्डच्या शाखेनें गुप्तता सोडली. १८३७ त तिच्याच समारंभांत एमर्सननें अमेरिकन विद्वानाविषयींचें आपलें विख्यात व्याख्यान दिलें. १८७५ त व्हर्माँटच्या शाखेनें प्रथमच स्त्रियांना सभासद करून घेतलें. हळूहळू वादविवाद मागें पडले व अभ्यासांतील यश हीच निवडीची कसोटी झाली.

विल्यम्सबर्गची शाखा १८५१ त पुनः सुरू झाली. १८६१ त यादवी युद्ध पेटलें आणि ती पुनः बंद पडली. युद्धांत कॉलेजाची इमारत जळाली, पुढें पैशाअभावीं कांहीं वर्षें कॉलेजच बंद राहिलें. त्यामुळें १८९३ पर्यंत शाखेचें नांव निघालें नाहीं. त्यानंतर मात्र ती अखंड चालू आहे. कागदपत्रें मोहोरबंद करविणारा विल्यम शॉर्ट पुढें जेफर्सनचा चिटणीस म्हणून पॅरिसला गेला व वकिलातींत नांवारूपास आला. पहिलें पुनरुज्जीवन पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें. दोन वर्षें आधीं, १८४९ त, नव्वदाव्या वर्षीं तो वारला. तारीख डिसेंबरची ५ च होती.