कापूस, तेल आणि दारूगोळा

शेतकरी मंडळी, खामगावच्या जिनात विडी पेटवली तर कुणीही हटकतं. दाबलेली गाठ आतून धुमसू लागली, की वरून ओतलेलं पाणी आत पोचतच नाही, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. पण १९४४ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्लंडहून निघालेली ‘फोर्ट स्टिकीन’ बोट कराचीला थांबली. विमाने उतरली आणि त्या मोकळ्या जागी कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी नि वंगणतेलाची पिंपे चढली. बोटीत सुमारे १,४०० टन दारूगोळा होताच! कप्तान नैस्मिथ यांनी हरकत घेतली. पण युद्धाच्या घाईत ऐकतो कोण?

१४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, दुपारी, तळच्या गाठींतून धूर निघाला. दारूगोळ्याच्या बोटीवर लाल निशाण हवं, तेही नव्हतं. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं. आग कुठं आहे तेच सापडेना, आणि पाण्याबरोबर जळत्या गाठी तरंगत वर दारूगोळ्याकडे सरकल्या. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशामक दलाची ६६ माणसं गेली. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.