प्राथमिक विज्ञान अध्यापनाची साधने : खिरोदा ते टॅबलेट

प्रस्तावना : प्राथमिक शाळेत टॅबलेट आल्याने विज्ञान अध्यापनात नवे युग अवतरले, असे मानले जाते. महाराष्ट्रातील अध्यापन साधनांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मूळ प्रश्न साधनाचा नसून निरीक्षणाचा आहे.

ऐतिहासिक आढावा : १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच दशकात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे स्थानिक साधनांच्या आधारे ग्रामीण विज्ञान शिक्षणाचा प्रकल्प राबविला. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीने पाठ पडद्यावर आणला. परंतु प्रक्षेपण एकतर्फी असल्याने विद्यार्थी प्रेक्षकच राहिला. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. दरम्यान शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी टॅबलेटद्वारे अध्यापन केले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांचा प्रसार वाढला.

विवेचन : टॅबलेटवरील चित्र विद्यार्थ्यास थांबविता व पुन्हा पाहता येते. रक्ताभिसरण, ग्रहमाला यांसारख्या प्रत्यक्ष न दिसणाऱ्या घटकांसाठी ते उपयुक्तच होय. परंतु वणी परिसरात द्राक्षबागा असताना वेलीची वाढ केवळ पडद्यावर दाखविणे म्हणजे बालचित्रवाणीच्या मर्यादेकडे परतणे होय.

निष्कर्ष : ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फुटव्याचे रोज मोजमाप करून त्याचे छायाचित्र विद्यार्थ्याने टॅबलेटवर नोंदविले, तर तेच साधन निरीक्षणाची वही ठरते. शिक्षक प्रशिक्षणाने यंत्र हाताळणीपेक्षा या दृष्टीस अग्रक्रम देणे आवश्यक आहे.