टेबलांचे फेरफार: डेटाबेस मायग्रेशनचा इतिहास

वेबसाइटच्या कोडची फाइल बदलायची तर जुनी काढून नवी ठेवता येते. डेटाबेसच्या टेबलाचे तसे नाही. टेबल पाडून नवे बांधले तर आतील नोंदीही जातात. त्यामुळे १९९०च्या दशकात सीव्हीएस या आवृत्ती-नियंत्रण साधनाने कोडच्या आवृत्त्या जपायला सुरुवात केली तरी टेबलांची रचना, म्हणजे स्कीमा, बहुतेक ठिकाणी त्या शिस्तीबाहेरच राहिली. एसक्यूएलच्या सुट्या फायली हाताने चालवल्या जात आणि कोणत्या सर्व्हरवर काय चालवून झाले, याचा भरवसा माणसांच्या आठवणीवर असे.

२००३ मध्ये प्रमोद सदलगे आणि मार्टिन फाउलर यांनी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीतील अनुभवावर आधारित लेखात यावर उपाय मांडला: स्कीमातील प्रत्येक लहान बदलाची वेगळी स्क्रिप्ट लिहावी आणि ती कोडसोबतच साठवावी. जमिनीच्या दप्तरात सातबारा आजची स्थिती दाखवतो आणि फेरफार नोंद ती कशी आली ते सांगते. स्कीमा बदलणाऱ्या अशा स्क्रिप्टला मायग्रेशन म्हणतात आणि तिचे काम फेरफाराचे.

ही पद्धत घरोघरी नेली ती रूबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कने. २००५ मध्ये आलेल्या त्याच्या मायग्रेशनमध्ये बदल करण्याची आणि तो उलटवण्याची, अशा दोन्ही कृती एकाच फाइलमध्ये असत. फायलींना ००१, ००२ असे क्रमांक असत आणि डेटाबेसमध्ये फक्त शेवटचा क्रमांक नोंदलेला असे. एकट्या प्रोग्रामरला हे पुरे होते. पण दोघांनी आपापल्या शाखेत ०२३ क्रमांकाची फाइल लिहिली की तंटा ठरलेला. त्याहून वाईट म्हणजे, डेटाबेस ०२४ वर पोचल्यावर मागून आलेली ०२३ गुपचूप वगळली जाई. २००८ च्या रेल्स २.१ ने क्रमांकाऐवजी तारीख-वेळेचा शिक्का आणला आणि चालवलेल्या प्रत्येक मायग्रेशनची स्वतंत्र नोंद ठेवली. खरी सुधारणा या दुसऱ्या बदलात होती.

पायथॉनच्या जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये ही सोय मुळात नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांच्या ‘साउथ’ या जोडसाधनाने २००८ पासून ती उणीव भरली, पुढे २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून त्यांनी नवी रचना केली आणि ती २०१४ च्या जँगो १.७ मध्ये आली. तिथे क्रम ठरतो तो कोणते मायग्रेशन कोणावर अवलंबून आहे यावरून. दोन फांद्या फुटल्या तर जँगो अडते आणि त्या जोडायला सांगते. जावाच्या जगात लिक्विबेस (२००६) आणि फ्लायवे (२०१०) ही मायग्रेशनची साधने आली.

उलट दिशेचे मायग्रेशन मात्र बरेचसे कागदावरच राहिले. काढून टाकलेला स्तंभ त्याने परत येतो, पण रिकामा. त्यातील माहिती केवळ बॅकअपमधूनच मिळते. म्हणून अनेक संघ चूक झाल्यास मागे न जाता दुरुस्तीचे नवे मायग्रेशन लिहितात, आणि चालू व्यवहाराच्या डेटाबेससाठी तोच मार्ग अधिक सुरक्षित आहे.