जुना ब्रेक कसा वाचावा? नॉर्टन कमांडोच्या पुढच्या चाकाचा इतिहास

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि मोडी कागद डोळ्यांसमोर येतात. अर्ध्या शतकापूर्वीच्या मोटारसायकलवर बसवलेला ब्रेक हेही तसेच एक साधन आहे. फरक एवढाच की कागद चुकीचा वाचला तर प्रबंधात चूक राहते. ब्रेक चुकीचा वाचला तर उतारावर गाडी थांबत नाही. हा थ्रेड अशाच एका ब्रेकच्या वाचनाविषयी.

२/ गाडी आहे ब्रिटनची नॉर्टन कमांडो. १९६७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि १९७७ पर्यंत तिचे उत्पादन चालले. इंजिन आधी ७४५ सीसीचे, १९७३ पासून ८२८ सीसीचे. ताशी १०० मैलांचा वेग ती सहज ओलांडत असे. पुढच्या चाकात मात्र ८ इंची ड्रम ब्रेक होता. ड्रमच्या बंद पोकळीत घर्षणाची उष्णता कोंडते आणि लागोपाठ जोरात ब्रेक लावल्यास त्याची पकड क्षीण होत जाते.

३/ उघड्या चकतीचा, म्हणजे डिस्कचा, उपाय मोटारींच्या शर्यतींत आधीच सिद्ध झाला होता. १९५३ ची ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. दुचाकींत १९६२ च्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरला केबलने चालणारी डिस्क मिळाली. १९६९ मध्ये होंडा सीबी ७५० ही हायड्रॉलिक डिस्क घेऊन बाजारात उतरली आणि ब्रिटिश कारखान्यांचे ड्रम एकाएकी जुने वाटू लागले. नॉर्टनने १९७२ च्या मॉडेलवर १०.७ इंच व्यासाची एक डिस्क बसवली.

४/ या डिस्कच्या कॅलिपरवर नाव होते लॉकहीड. माल्कम लॉकहीड हे विमाने बांधणाऱ्या प्रसिद्ध अमेरिकी बंधूंपैकी एक. त्यांची हायड्रॉलिक पद्धत १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांवर आली. ब्रिटनमध्ये हे नाव लीमिंग्टन स्पा येथील ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स या कंपनीने चालवले. तिच्याच नावाची आद्याक्षरे पुढे ‘एपी’ म्हणून शर्यतींच्या कॅलिपरांवर दिसू लागली.

५/ कारखान्याची डिस्क आली, तरी तक्रार संपली नाही. लिव्हर लाकडासारखा कडक लागे आणि जोर लावूनही गाडी हवी तशी थांबत नसे. म्हणून मालकांनी बाहेरचे भाग घेतले: शर्यतीचे हलके कॅलिपर, दुसरी डिस्क, वेगळा मास्टर सिलिंडर. पॉल डन्स्टॉल यांच्यासारखे व्यावसायिक नॉर्टनसाठी असे भाग विकतच होते. आज एखादी जुनी कमांडो हाती येते, तेव्हा तिच्यावर अनेक हातांनी, अनेक दशकांत केलेले हे फेरफार साचलेले असतात.

६/ येथे अभ्यासकाची जुनी शिस्त कामी येते. आधी बहिरंग परीक्षण. कॅलिपर पूर्ण स्वच्छ करून त्यावरील ओतीव अक्षरे व क्रमांक टिपावेत. मग लोहचुंबक लावावा. नॉर्टनचे मूळ कॅलिपर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. त्याला चुंबक चिकटतो. शर्यतीच्या ॲल्युमिनियम कॅलिपरला तो चिकटत नाही. केवळ नावावर मात्र विसंबू नये. बनावट सनदेवरही शिक्का असतोच, आणि जुन्या भागांच्या हुबेहूब प्रतिकृती आज सर्रास मिळतात.

७/ सर्वांत फसवा पुरावा आट्यांचा. ब्रिटिश लॉकहीडच्या ब्रेक नळीचा बोल्ट सहसा ३/८ इंची, इंचाला २४ आटे असलेला असतो. म्हणजे व्यास ९.५ मिमी आणि दोन आट्यांतील अंतर १.०६ मिमी. इटालियन ब्रेकमध्ये १० मिमी व्यास व १ मिमी अंतर हे माप रुळलेले आहे. जपानी ब्रेकमध्ये तेच अंतर १.२५ मिमी. ब्रिटिश बोल्ट इटालियन भोकात विनासायास फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात तो आट्यांच्या टोकांवर लटकत असतो आणि दाबाखाली निसटू शकतो. म्हणून व्हर्निअरने व्यास आणि पिच गेजने आटे, दोन्ही मोजावेत.

८/ त्यानंतर अंतरंग परीक्षण. मूळ मास्टर सिलिंडरचा आतील व्यास ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी. एका कॅलिपरसाठी तो मोठा पडतो, आणि लाकडी लिव्हरचे मूळ येथेच आहे. पास्कलच्या नियमानुसार, पिस्टनचे क्षेत्रफळ जितके लहान तितका त्याच जोरात द्रवाचा दाब अधिक. सिलिंडरमध्ये बाही बसवून व्यास १३ मिमी केला, तर दाब सुमारे दीडपट होतो. त्याची किंमत म्हणजे लिव्हरही दीडपट आत येतो.

९/ याच गणितातून एक उलट निष्कर्ष निघतो. गाडीवर आधीच्या मालकाने दोन डिस्क आणि दोन कॅलिपर चढवले असतील, तर चाकाकडील पिस्टनांचे क्षेत्रफळ दुप्पट झालेले असते. तेथे ५/८ इंची सिलिंडर शोभतो. १३ मिमीचा लावल्यास लिव्हर हँडलला टेकण्याचा धोका असतो. एकाच गाडीवरचे दोन ‘उत्तम’ भाग एकत्र येऊन वाईट ब्रेक होऊ शकतो.

१०/ बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर यावा. त्यासाठी शिम लावून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. हवा काढण्याचा निपल सर्वांत वरच्या टोकाला असावा; डावा कॅलिपर उजवीकडे लावला की निपल खाली जातो आणि हवा आत अडकते. तिसरी गोष्ट डिस्कची: त्या काळच्या बिडाच्या ब्रिटिश डिस्कवर क्रोमचा मुलामा असे. तो सुंदर दिसे, पण पावसात पकड कमी करी. अनेक जाणकार तो ग्राइंडिंग करून काढतात.

११/ रबरी सील मात्र नेहमी नवेच घालावेत. जुन्या ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचे ऑइल मिसळू नये. काही शर्यती कॅलिपर मॅग्नेशियमचे आहेत. हा धातू काळानुसार आतून खंगतो. बारीक भेगांची तपासणी केल्याशिवाय असा भाग रस्त्यावर आणणे म्हणजे जिवाशी खेळ.

१२/ भारतीय वाचकाला ही कथा परकी वाटू नये. जपानच्या यामाहा आरडी ३५० ला १९७३ मध्ये पुढे डिस्क होती. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये फरिदाबादला तीच गाडी राजदूत ३५० म्हणून काढली, तेव्हा खर्च वाचवण्यासाठी पुढे ड्रम आला. पुढे अनेक मालकांनी दुसऱ्या गाड्यांच्या डिस्क तिच्यावर चढवल्या. सिलिंडर कोणता, कॅलिपर कोणता, आटे कोणते, हे प्रश्न तेथेही तसेच्या तसे उभे राहतात.

१३/ मग खरी कमांडो कोणती? कारखान्यातून निघाली ती, की १९७५ साली कुणी पदरमोड करून दुसरी डिस्क लावलेली? दोन्ही खऱ्या आहेत. पहिली कारखान्याचा इतिहास सांगते, दुसरी वापरणाऱ्याचा. आणि वापरणाऱ्याने सहसा काही लिहून ठेवलेले नसते. म्हणून काढलेला जुना भाग भंगारात देऊ नये. त्याची मापे, क्रमांक आणि काढल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी त्याच भागाला बांधून ठेवावी. पुढच्या वाचकाला तेवढाच लेखी पुरावा मिळेल.